तीन, दोन, एक, रेघ

रात्रीचे साडेदहा. मेकॅनिकलच्या मजल्यावर एवढाच दिवा.
टेकडीखालच्या बेदाणा-शेडमधून गंधकाची धुरी वर येते,
खिडकी लावावी तर प्रिंटर तापतो.
तासगावचा शेवटचा वडाप कधीच गेला.

परवा मानांकनाची समिती येणार.
मी कोष्टक भरतेय:
आडव्या सहा ओळींत, मी जे शिकवते ते.
उभ्या बारा रकान्यांत, मुलांनी जे व्हायचं ते.
प्रत्येक घरात एक आकडा.
तीन म्हणजे घट्ट नातं, दोन म्हणजे बरं,
एक म्हणजे नावापुरतं,
आणि काहीच नसेल तर रेघ.
सोयरीक जमवायला छत्तीस गुण लागतात,
इथं तिनात भागतं.

पंख्याच्या पात्याचा कोन आणि समाज: दोन.
पंख्याच्या पात्याचा कोन आणि नीतिमत्ता:
इथं हात थांबला.
पाटोळे सर मागून वाकून बघतात,
'रेघा फार दिसतायत, मॅडम. एकएक टाका.
एकानं कुणाचं काय जातंय?'

पलीकडच्या टेबलावर सात सभांची इतिवृत्तं
एकाच रात्रीत लिहून होतायत,
तीन वेगळ्या पेनांनी, म्हणजे महिने वेगळे वाटतील.
उपस्थितांत घोरपडे सर आहेत.
घोरपडे सरांना कॉलेज सोडून दीड वर्ष झालं.

खाली वर्कशॉपमध्ये रावसाबमामा
लेथला हिरवा रंग देतोय.
'रंग कशाला म्हणतो मी. बोलतीया की अजून.
कान लावून बघा म्हणावं.'
कान लावायचा रकाना नाही, मामा.

मग माजी विद्यार्थ्यांचा तक्ता.
इलाही मुजावर, मणेराजुरी.
नोकरी: रेघ.
पुढचं शिक्षण: रेघ.
स्वतःचा उद्योग: नोंदणीपत्र जोडावे.

इलाही मागच्या रविवारी आला होता, मेळाव्याला,
माझ्याच विषयात तीनदा बसलेला,
शर्टाला ग्रीसचा डाग, हातात फॉर्म.
बेदाण्याचे देठ उडवायचा पंखा बनवलाय म्हणाला,
अकरा विकले, बारावा सावळजला जातोय.
'पाती तुमच्या नोट्सवरनंच काढली, मॅडम.'
मग मान खाली घालून,
'पण त्यात कोन चुकला हुता.
पयल्या मशीननं देठाबरोबर बेदाणाबी उडीवला.
पावणेदोन क्विंटल.'

घरी येऊन गणित मांडलं.
चुकला होता.
सहा वर्षं, सहा बॅचेस,
कोणी विचारलं नाही, कारण परीक्षेत तोच कोन येतो
आणि तपासते मीच.

शनिवारी कोईमतूरचे तज्ज्ञ आले, शांत, चष्मा कपाळावर.
लेथपाशी गेले, बाहीला हिरवा रंग लागला,
रावसाबमामा रॉकेलची चिंधी घेऊन मागे मागे.
मग माझी फाईल उघडून म्हणाले,
विद्यार्थ्यामुळे तुमचा धडा कधी बदलला, एक उदाहरण सांगा.
उदाहरण फाईलमध्ये होतं, पान एकशे चार,
आलेखासकट, सहीशिक्क्यासकट,
न घडलेलं.
पाटोळे सर माझ्याकडे बघत होते.

मी इलाहीचं सांगितलं.
पावणेदोन क्विंटलसकट सांगितलं.
पुरावा? म्हणाले.
बाइंडिंग झालेल्या सात प्रतींत कोन जुनाच होता.
माझ्या वहीत पेन्सिलीनं खोडलेला तेवढा नवा.
वही पुढं केली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली,
स्वतःच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

मी टेबलाच्या बाजूला उभी होते.
बाजूनं पाहिलं की
त्यांचा इंग्रजी एक आणि रेघ
सारखेच दिसतात.

पाटोळे सर माझ्याशी अजून बोलत नाहीत.
जाताना त्यांनी समितीला पिवळा बेदाणा दिला,
प्रत्येकी एक किलो, सावळजहून मागवलेला.
तज्ज्ञांनी पुडा तिथंच फोडला, मूठभर हातावर घेतला.
एकही देठ नव्हता.